कीबोर्डमधील सॅम्पल दर वेळी बेसूर का होतात: सूर जुळवणे आणि पट्ट्यांवरची मांडणी

स्वतः ध्वनिमुद्रित केलेला तंबोरा, तुणतुणे, सनई किंवा ढोलकी कीबोर्डमध्ये भरून वाजवणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे. घरी बसून नीट जुळवलेले सॅम्पल, म्हणजे कीबोर्डमध्ये भरलेले ते ध्वनिमुद्रण, तालमीच्या दिवशी उतरलेले लागते. ते तिथल्या तिथे चढवून वेळ मारून न्यावी, तर पुढच्या कार्यक्रमाला तेच चढे लागते किंवा शेजारचे एखादे बिघडते. कीबोर्ड जुना झाला, पेनड्राइव्ह खराब आहे, सभागृहातील ध्वनिव्यवस्था बरोबर नाही, अशी कारणे मग पुढे केली जातात. परंतु आकड्यांच्या रूपात साठवलेला आवाज आपण होऊन चढत-उतरत नाही, आणि पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या या बिघाडामागे बहुतेक वेळा दोन-तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींना झाकत बसलेल्या असतात.

पुण्यात अभंग आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना कीबोर्डची साथ करताना मी स्वतः हा घोळ जवळजवळ वर्षभर निस्तरत होतो. सदाशिव पेठेत राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे मिरजेचा सुरेल तंबोरा आहे. तो काळी एकमध्ये लावून मी फोनवर व्हिडिओ घेतला, त्यातला आवाज वेगळा काढला आणि कीबोर्डमध्ये भरला. तो उतरा लागला, म्हणून कानाने अंदाज घेत एक पट्टी आणि वर आणखी थोडा असा चढवून साठवला. काही महिन्यांनी त्याच तंबोऱ्याचे अधिक स्वच्छ ध्वनिमुद्रण रेकॉर्डरवर केले आणि जुन्याच जागी भरले. आता तो चढा लागू लागला, कारण जुनी दुरुस्ती त्या जागेवर तशीच शिल्लक होती. ती काढून टाकली, तेव्हा नव्या तंबोऱ्याचा सूर लागला. पण पुढे एकदा कीबोर्डची साठवण पुसली गेली, जुन्या प्रतीतून सगळे परत भरावे लागले आणि व्हिडिओतला तो पहिला तंबोरा शून्य दुरुस्तीसह परत आला. दर वेळी मी कानाने दुरुस्ती करत गेलो. बिघाड नेमका किती सेंटचा (सेंट हे सुरांमधील अंतराचे बारीक माप) आहे, हे मात्र एकदाही मोजले नाही. मोजले असते तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता, कारण या कामात आकडाच कारण सांगतो.

मोजण्यापूर्वी आणि मोजताना

लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर १०० सेंट आणि सप्तकाचे अंतर १२०० सेंट, हे माप येथे सर्वत्र वापरले आहे. एक सेंट म्हणजे कंपनसंख्येत सुमारे ०.०५८ टक्क्यांचा फरक. मोजायला बसण्यापूर्वी कीबोर्ड पूर्णपणे सरळ करून घ्यावा: ट्रान्सपोज (सगळ्या पट्ट्या वर-खाली सरकवणारी सोय) शून्यावर, मास्टर ट्यून (संपूर्ण कीबोर्डचा सूर) ४४०.० हर्ट्‌झवर, स्केल ट्यूनिंग (एकेक स्वर थोडा वर-खाली करण्याची सोय) समान अंतराचे, कोरससारखे सूर हलवणारे इफेक्ट बंद, आणि त्या पट्ट्यांवर दुसरा कोणताही आवाज जोडलेला नाही याची खात्री. पिच बेंडचे, म्हणजे वाजवताना सूर वाकवण्याचे, चाक मधोमध परतते की नाही, हेही एकदा पाहून घ्यावे. जुन्या कीबोर्डमध्ये ते किंचित एका बाजूला अडकते आणि सगळेच आवाज थोडे थोडे चुकतात. अशा वेळी कीबोर्डमधला मूळचा ऑर्गन वाजवून पाहिला, की दोष एकट्या सॅम्पलचा आहे की संपूर्ण यंत्राचा, हे लगेच कळते. ही साधी चाचणी सोडून लोक थेट सॅम्पलच्या मागे लागतात, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर सॅम्पल ज्या पट्टीवर मूळ सुरात वाजायला हवे, त्याच पट्टीवर वाजवून ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारे साधन, लावावा. फोनवरचा ट्यूनर चालतो, पण त्याला आवाज स्पीकरमधून हवेतून न देता शक्यतो तारेने द्यावा. खोलीत छताचा पंखा चालू असेल तर त्याच्या पात्यांमुळे आवाजात येणाऱ्या थरथरीने ट्यूनरचा काटा उगाच नाचतो. तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी तिचा ताण वाढलेला असतो आणि सूर किंचित चढा असतो, त्यामुळे तंतुवाद्याचे माप आघातावर न घेता सूर स्थिरावल्यावर घ्यावे. तंबोऱ्याच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून आणलेला झंकार) चांगली लागली असेल तर खर्जाच्या तारेतून वरचे स्वर इतके ठळक निघतात, की ट्यूनर षड्ज सोडून पंचम किंवा गंधार दाखवू लागतो. म्हणून जोडीच्या तारा तेवढ्या वेगळ्या कापून मोजाव्यात.

ट्यूनरपेक्षा बारीक मोजमाप हवे असेल, तर जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. कीबोर्डमधला साधा ऑर्गन आणि सॅम्पल एकाच पट्टीवर एकदम वाजवावेत आणि दोघांच्या मिसळीत येणारे हेलकावे, म्हणजे भौतिकशास्त्रात ज्यांना विस्पंद म्हणतात ते, घड्याळ लावून मोजावेत. सेकंदाला जितके हेलकावे, तितक्या हर्ट्‌झचा फरक. पुरुष गायकाच्या काळी एकचा षड्ज १३८.५९ हर्ट्‌झवर असतो. तेथे सेकंदाला एक हेलकावा म्हणजे सुमारे १२.५ सेंट, आणि दहा सेकंदांत एकच हेलकावा आला तर चूक सव्वा सेंटच्या आसपास. तंबोरा लावताना मणी सरकवून आपण जे ऐकतो, तेच येथे मोजायचे आहे. फक्त सॅम्पल चढे की उतरे हे हेलकाव्यांवरून कळत नाही. त्यासाठी फाइन ट्यून (सूर अगदी थोडा हलवणारा आकडा) एक-दोन अंशांनी हलवून हेलकावे मंदावतात की वाढतात, ते पाहावे.

फरक १४७ सेंटच्या जवळ असेल तर

माझ्या तंबोऱ्याचा घोळ नेमका हाच होता, आणि ज्यांनी फोनवर ध्वनिमुद्रण केले आहे अशा बहुतेकांचा हाच असतो, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो. अंकीय ध्वनिमुद्रण म्हणजे ध्वनिलहरीची सेकंदाला ठरावीक वेळा घेतलेली नोंद. या एकेका नोंदीलाही सॅम्पलच म्हणतात, पण गोंधळ टाळण्यासाठी येथे तिला नमुना म्हणतो. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले आणि चित्रणाच्या क्षेत्रात ४८,००० रूढ झाले. पहिला आकडा विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे: सुरुवातीच्या काळात अंकीय ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत, आणि त्या टेपवर प्रत्येक रेषेत ३ नमुने, अशा २४५ रेषा आणि सेकंदाला अशी ६० क्षेत्रे (चित्राच्या अर्ध्या चौकटी) बसत. ३ × २४५ × ६० म्हणजे ४४,१००.

फोनवर घेतलेल्या व्हिडिओतील आवाज सहसा ४८,००० चा असतो. पुष्कळ कीबोर्ड मात्र आत भरलेली प्रत्येक फाइल ४४,१०० चीच आहे असे समजून वाजवतात. काही ती नाकारतात, काही बदलून घेतात आणि काही मुकाट्याने चुकीच्या वेगाने वाजवतात. या तिसऱ्या प्रकारात सेकंदाचे नमुने संपायला १.०८८४ सेकंद लागतात, आवाज तेवढा लांबतो आणि सूर १४६.७ सेंटनी उतरतो. काळी एकचा षड्ज मग १२७.३ हर्ट्‌झवर येतो, म्हणजे पांढरी एक आणि तिच्या खालची पांढरी सात यांच्या बरोबर मधे पडतो. ट्यूनर ‘सी, उणे ४७’ असे दाखवतो (सी म्हणजे पांढरी एक) आणि वाजवणारा म्हणतो की तंबोरा नीट लावलाच नव्हता. उलट दिशेने, म्हणजे ४४,१०० ची फाइल ४८,००० समजून वाजवली गेली, तर सूर तेवढाच चढतो.

याची दुसरी खूण कालावधीत सापडते, आणि झांज किंवा ताशा यांसारख्या ज्या वाद्यांना ट्यूनर काहीच दाखवू शकत नाही, त्यांच्यासाठी तीच उपयोगी पडते. संगणकावर फाइलची लांबी २० सेकंद दिसत असेल आणि कीबोर्डवर मूळ पट्टी दाबून धरल्यावर ती संपायला २१.८ सेकंद लागत असतील, तर शंकेला जागा उरत नाही. फोनच्या घड्याळावर एवढा फरक सहज मोजता येतो.

उपाय फाइलवर करावा, कीबोर्डवर करू नये. एक पट्टी आणि ४७ सेंट असे कीबोर्डमध्ये चढवले तर सूर जुळतो खरा, पण ती दुरुस्ती त्या जागेला चिकटते आणि पुढची बरोबर असलेली फाइल तेथे आली की ती बिघडवते. माझ्याकडे वर्षभर जे घडत राहिले, ते एवढेच होते. तेव्हा फाइल संगणकावर उघडून ४४,१०० मध्ये खरोखर रूपांतरित करावी. येथेही एक खड्डा आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकामध्ये ट्रॅकच्या नावाच्या यादीत ‘रेट’ हा पर्याय दिसतो. तो नमुने तेच ठेवतो आणि फक्त त्यांच्या वेगाची चिठ्ठी बदलतो, म्हणजे जो बिघाड दुरुस्त करायचा, तोच तो आपल्या हाताने पक्का करतो. ‘ट्रॅक्स’ मेनूमधील ‘रीसॅम्पल’ मात्र नवे नमुने मोजून काढते आणि सूर जागेवर ठेवते. रूपांतर झाल्यावर १६ बिटांची वेव फाइल काढावी, कारण २४ बिटांची फाइल सगळे कीबोर्ड घेत नाहीत.

जाता जाता व्हॉट्सॲपविषयी. आपल्याकडे वादक मंडळी सॅम्पल एकमेकांना तेथूनच पाठवतात. आवाज म्हणून पाठवलेली फाइल वाटेत दाबली जाते आणि तिच्यातील जवारीचे वरचे स्वर हरवतात. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

पूर्ण सप्तकाचा किंवा पूर्ण पट्टीचा फरक

सॅम्पल बरोबर १२०० सेंटनी वर किंवा खाली लागत असेल, तर सूर ठीक आहे आणि नावात गोंधळ आहे. मिडीमध्ये, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या संकेतपद्धतीत, प्रत्येक पट्टीला ० ते १२७ पैकी एक क्रमांक असतो आणि मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे ६० क्रमांक, याबद्दल सर्वांचे एकमत आहे. तिला नाव काय द्यावे, यावर मात्र एकमत नाही. यामाहाच्या पद्धतीत ती सी ३, रोलँड आणि कॉर्गच्या पद्धतीत सी ४, आणि एफएल स्टुडिओ या संगणकावरील संगीत-सॉफ्टवेअरमध्ये तीच सी ५. माझ्या तंबोऱ्याचा षड्ज ४९ क्रमांकाचा आहे. संगणकावर त्याला रोलँडच्या पद्धतीने सी शार्प ३ असे नाव देऊन मी यामाहाच्या पद्धतीच्या कीबोर्डमध्ये तसाच भरला, तर तो सप्तकभर उतरणार हे उघड आहे, कारण त्या कीबोर्डच्या दृष्टीने सी शार्प ३ म्हणजे ६१. यावर मी शोधलेला उपाय साधा आहे: फाइलच्या नावाची सुरुवात मिडी क्रमांकाने करायची आणि अक्षरी नाव लिहायचेच नाही. आकडे वापरण्याचा आणखी एक फायदा असा, की देवनागरी नावाच्या फाइली माझा कीबोर्ड पेनड्राइव्हवरून वाचत नाही, आणि रोमन नावे देताना एकाच तंबोऱ्याची चार स्पेलिंगे होतात.

फरक बरोबर १००, २०० किंवा ३०० सेंटचा निघाला तर रूट की, म्हणजे सॅम्पल मूळ सुरात वाजण्याची पट्टी, चुकीची नोंदली गेली आहे. ही नोंद दोन ठिकाणी असू शकते, आणि वारंवार उद्भवणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच येथे जन्माला येतात. एक नोंद कीबोर्डच्या मांडणीत असते. दुसरी वेव फाइलच्याच पोटात, आवाजापासून वेगळ्या अशा एका छोट्या तुकड्यात लिहिलेली असू शकते. त्या तुकड्यात मूळ पट्टीचा क्रमांक, सेंटमधील बारीक फरक आणि लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या भागाची, सुरुवात व शेवट एवढे असते. काही कीबोर्ड हा तुकडा वाचतात, काही त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि काही ध्वनिसंपादक फाइल पुन्हा साठवताना तो काढून टाकतात. त्यामुळे फाइलची केवळ शेवटची शांतता कापून ती परत भरली, एवढ्यानेही सूर बदलू शकतो. एसएफझेड पद्धतीची, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली, मांडणी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तेथे मूळ पट्टी लिहिलीच नाही तर ती ६० धरली जाते. मी आता फाइलमधल्या नोंदीवर विसंबत नाही. प्रत्येक सॅम्पलची मूळ पट्टी कीबोर्डमध्ये स्वतः भरतो आणि फाइलच्या नावातील क्रमांकाशी ताडून पाहतो.

थोडेसेच चुकते तेव्हा

आठ सेंटच्या आसपासचा फरक, आणि तोही कीबोर्डच्या सगळ्या आवाजांत, असा आढळला तर मास्टर ट्यून ४४२ वर गेलेले असते; ४४० आणि ४४२ मध्ये ७.८५ सेंटचे अंतर आहे. हे बहुधा अपघाताने होत नाही. एखाद्या कार्यक्रमात पेटी किंचित चढी असते, पेटीचे सूर रंगमंचावर बदलता येत नाहीत, म्हणून कीबोर्डवाला शहाणपणाने आपले मास्टर ट्यून चढवतो आणि नंतर उतरवायला विसरतो. पुढच्या आठवड्यात दुसरी पेटी येते आणि शिव्या सॅम्पलला बसतात. पेटीपुढे कीबोर्डनेच नमते घ्यावे, यात वाद नाही. फक्त कार्यक्रम संपल्यावर तो आकडा परत ४४० वर आणावा.

तंबोरा षड्जात तंतोतंत जुळलेला असूनही कीबोर्डवर शुद्ध गंधार धरला की दोघांत खटके उडतात, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे आणि तिच्यात बिघाड काहीच नाही. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो त्या तारेचा पाचवा स्वरांश (मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा सूर) असतो आणि षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर आहे. हे १४ सेंट जाणकार श्रोत्याला खुपतात, आणि पुण्यात असे श्रोते पहिल्या रांगेत बसलेले असतात. कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंगची सोय असेल तर शुद्ध गंधार १४ सेंटनी, शुद्ध निषाद १२ सेंटनी आणि शुद्ध धैवत १६ सेंटनी उतरवावा, पंचम २ सेंटनी चढवावा आणि मध्यम २ सेंटनी उतरवावा. धैवताबाबत रागानुसार मतभेद आहेत. जेथे तो रिषभाशी पंचमाच्या नात्याने लागतो, तेथे तो उतरवण्याऐवजी ६ सेंटनी चढवावा लागतो. हा तक्ता षड्जापासून मोजलेला असल्याने षड्जाची पट्टी बदलली की तोही सरकवावा लागतो. सॅम्पलच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की काही कीबोर्डमध्ये स्केल ट्यूनिंग सॅम्पलवरही चालते. तंबोऱ्याचे सॅम्पल गंधाराच्या पट्टीवर ठेवलेले असेल तर संपूर्ण तंबोरा १४ सेंटनी उतरेल. ते षड्जाच्याच पट्टीवर ठेवावे, म्हणजे दुरुस्ती शून्य राहते.

आणखी एक प्रकार ओळखायला अवघड जातो, कारण त्यात सूर सुरुवातीला बरोबर असतो आणि अर्ध्या सेकंदानंतर सरकतो. पट्टी दाबून धरल्यावर आवाज अखंड राहावा म्हणून सनई किंवा बासरीच्या सॅम्पलचा एक छोटा भाग पुन्हा पुन्हा फिरवतात, तो लूप येथे चुकलेला असतो. लूपची लांबी सहसा पूर्ण नमुन्यांतच ठेवावी लागते. ११०८.७३ हर्ट्‌झच्या सनईचे एक आवर्तन ३९.७८ नमुन्यांचे असते. एकाच आवर्तनाचा लूप घेतला तर तो ४० नमुन्यांचा करावा लागतो, कंपनसंख्या ११०२.५ वर येते आणि सूर जवळजवळ १० सेंटनी उतरतो. तेथेच नऊ आवर्तनांचा लूप ३५८ नमुन्यांत बसतो आणि चूक एक दशांश सेंटपर्यंत खाली येते. खालच्या सुरांत आवर्तन लांब असल्याने ही चूक जाणवत नाही, म्हणूनच ‘वरच्या पट्ट्याच तेवढ्या बेसूर आहेत’ अशी तक्रार ऐकू आली की मी प्रथम लूपकडे पाहतो. तंबोऱ्याचा लूप चारही तारांच्या पूर्ण फेऱ्यांचा असतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही.

एका पट्टीवर बरोबर, दुसरीवर चूक

आतापर्यंतच्या चुका सूर जुळवण्याच्या होत्या. यापुढच्या मांडणीच्या आहेत. मूळ पट्टीवर सॅम्पल सुरात असून दूरच्या पट्ट्यांवर चूक वाढत जात असेल, तर की फॉलो, म्हणजे पट्टीमागे सूर किती सरकावा हे सांगणारा आकडा, १०० टक्क्यांवर नाही. स्वरवाद्यांना तो १०० हवा. ढोलकी, संबळ, झांज यांच्या प्रत्येक बोलाला स्वतंत्र पट्टी द्यायची असते आणि तेथे तो शून्य ठेवणे सोयीचे पडते. एकाच सॅम्पल-संचात दोन्ही प्रकार भरले की हा आकडा हमखास चुकतो.

सूर बरोबर असूनही आवाज परका वाटतो, ही निराळी गोष्ट. एक सॅम्पल तीन पट्ट्या वर ताणले की ते १.१९ पट वेगाने वाजते आणि सप्तकभर ताणले की दुप्पट वेगाने. तंबोऱ्याची छेड घाईची होते, आलाप घेणारी बाई लहान मुलीसारखी वाटू लागते, सनईतला भरदारपणा जातो. म्हणून दर तिसऱ्या पट्टीला एक सॅम्पल घ्यावे आणि त्याने स्वतःची, एक खालची आणि एक वरची, अशा तीनच पट्ट्या सांभाळाव्यात. सप्तकाला चार सॅम्पल पुरतात. साठवण कमी असेल आणि एकाच सॅम्पलला जास्त पट्ट्या द्याव्या लागल्या, तर मी मूळ पट्टी त्या टप्प्याच्या वरच्या टोकाकडे ठेवतो, कारण ताणून चढवलेल्या आवाजापेक्षा सैल सोडून उतरवलेला आवाज कानाला कमी खोटा वाटतो. टप्प्यांच्या सीमा एकमेकांवर चढल्या असतील तर त्या पट्टीवर दोन सॅम्पल एकदम वाजतात, आवाज अचानक मोठा होतो आणि दोघांत एक-दोन सेंटचा जरी फरक असला तरी हेलकावे येतात. ही चूक बेसूरपणासारखी ऐकू येते आणि फाइन ट्यून कितीही फिरवले तरी जात नाही. पट्ट्या डावीकडून उजवीकडे एकेक सावकाश वाजवत गेल्यास ती लगेच सापडते.

हलक्या आणि जोरकस वादनासाठी वेगवेगळी सॅम्पल भरली असतील तर प्रत्येक थर वेगळा मोजावा. तुणतुण्याची तार जोरात छेडली की तिचा सूर चढतो. हलक्या थरावर जुळवलेला आकडा जोरकस थरालाही लावला, तर गजर रंगात आल्यावर नेमके तुणतुणे चढे लागू लागते आणि घरी शांतपणे वाजवून पाहताना त्याचा पत्ताही लागत नाही.

ट्रान्सपोज दाबल्यावर ढोलकीचे बोल बदलतात

हा शेवटचा प्रकार सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. गायक आयत्या वेळी सांगतो, की आज काळी एकऐवजी काळी दोनला घेऊ. कीबोर्डवाला ट्रान्सपोज अधिक दोन करतो. सनई आणि ऑर्गन बरोबर दोन पट्ट्या चढतात, पण ‘धा’च्या पट्टीवर ‘ना’ वाजतो आणि टोकाच्या पट्टीवर काहीच वाजत नाही. कारण असे, की बहुतेक कीबोर्डमधील ट्रान्सपोज सुराला हात लावत नाही. दाबलेल्या पट्टीचा क्रमांक पुढे ढकलून तो आवाज काढणाऱ्या भागाला देते. कारखान्यातून आलेल्या ड्रम किटला यातून सूट दिलेली असते, मात्र आपण सामान्य आवाज म्हणून भरलेल्या ढोलकीला ती मिळत नाही. याच कारणाने सनईच्या सॅम्पलमध्येही टप्प्यांच्या सीमा हाताखालून सरकतात आणि कालपर्यंत ज्या दोन स्वरांचा पोत एकसारखा होता, त्यांच्यात आज जोड ऐकू येतो.

ढोलकी ड्रम किट म्हणून भरण्याची सोय असेल तर तशीच भरावी. नसेल तर सर्वांना एकदम लागू होणारे ट्रान्सपोज सोडून द्यावे आणि प्रत्येक भागाचे स्वतंत्र की शिफ्ट वापरावे: सनई, ऑर्गन यांना अधिक दोन, ढोलकीला शून्य. मात्र ढोलकीचे उजवे तोंड गायकाच्या पट्टीला लावलेले असते, तेव्हा नुसते शून्य ठेवून भागत नाही. बोल जागेवर राहून सूर चढायला हवा. त्यासाठी ढोलकीच्या भागाचे कोर्स ट्यून अधिक दोन करावे, कारण ते पट्टीचा क्रमांक न हलवता केवळ सूर हलवते. तीन पट्ट्यांपलीकडे असे चढवले की ढोलकी पत्र्यासारखी वाजू लागते, आणि मग दुसऱ्या पट्टीत लावलेल्या ढोलकीचे वेगळे ध्वनिमुद्रण करण्याला पर्याय नसतो. तंबोऱ्याचेही तसेच, काळी एक, पांढरी चार आणि काळी चार अशी तीन वेगवेगळी ध्वनिमुद्रणे मी ठेवली आहेत, आणि प्रत्येक पट्टीसाठी संपूर्ण मांडणी वेगळ्या क्रमांकावर साठवली आहे. साठवण्यापूर्वी ‘ना’ वाजवून ट्यूनरवर पाहतो, नंतर तंबोरा आणि ऑर्गन एकत्र धरून दहा सेकंद हेलकावे मोजतो. एवढे झाल्यावरही आयत्या वेळी हात सवयीने ट्रान्सपोजकडेच जायचा, म्हणून त्या बटणावर मी आता चिकटपट्टी लावून ठेवली आहे.